तिवराची मोळी, कासवाची अंडी

मागच्या खेपेला आपण परसबागेवर बोललो होतो आणि जाता जाता म्हटलं होतं, पुढच्या वेळी खाडीकडे जाऊ. आज जाऊ या. पण आधी आमच्या गटाच्या बैठकीत काय झालं ते सांगतो, म्हणजे हा जुना इतिहास आज का उकरून काढला ते कळेल.

महिन्याची बैठक होती. बचत गोळा झाली, हप्ते वहीत चढले, चहा झाला. उठायच्या वेळी आमच्यातली एक जण म्हणाली की काल खाडीवरून तिवराची मोळी आणताना तिला वाटेत अडवलं. मोळी ठेवून घेतली, नाव लिहून घेतलं आणि पुन्हा दिसलीस तर गुन्हा नोंदवू म्हणून सांगितलं. तिचे डोळे भरून आले होते. मोळी गेल्याचं तिला दुःख नव्हतं, रस्त्यात चार माणसांसमोर नाव विचारलं त्याचं होतं.

आमच्यातल्या दोघीतिघींनी प्रशिक्षणात ऐकलेलं होतं, त्या म्हणाल्या, कायदाच तसा आहे, तोडू नयेच. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या काकी बोलल्या. काकी गटातल्या सगळ्यांत थोरल्या, सत्तरी ओलांडलेल्या. म्हणाल्या, "माझ्या सासूने तोडलान, मी पन्नास वर्षं तोडलं. चुलीत तेच, गोठ्यात तेच. मग आम्ही काय चोर होतो गो?"

कुणाला उत्तर देता आलं नाही. बैठक तशीच उठली.

पुढचे तीनचार महिने आम्ही तो प्रश्न सोडला नाही. गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारलं, मिळेल ते वाचलं, एकदा वेळासला जाऊन आलो, एकदा वेंगुर्ल्याला. आजच्या बोलण्यात तेच सगळं आहे.

आपल्याकडे खाडी म्हटली की होडी, जाळं आणि पुरुष असं चित्र काढतात. पण ओहोटीच्या वेळी खाडीवर जाऊन बघा. चिखलात वाकलेल्या दिसतात त्या बाया. खडकावरची कालवं फोडायची, तिसऱ्या-मुळे वेचायचे, बिळात हात घालून कुर्ली काढायची, हे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांचं. त्याला जाळं लागत नाही, भांडवल लागत नाही. लागतं ते वेळेचं गणित.

आणि ते गणित आमच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ होतं. तिथीला पाऊण पटीने गुणायचं, आली भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, सहाला भरती. त्यापासून सहा तास पुढे किंवा मागे मोजले की ओहोटी. अमावास्या-पुनवेला भरती बाराच्या सुमाराला, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास पाणी उतरतं. त्या दिवसांत उधाण असतं, पाणी जेवढं चढतं तेवढंच लांब हटतं, म्हणून वेचायला तेच दिवस चांगले. अष्टमीला भांग, पाणी धड चढत नाही की उतरत नाही. तेव्हा आमच्या सासवा खाडीवर जायच्याच नाहीत, घरात भाताची कामं काढायच्या. शाळा न बघितलेल्या बाया हे पाऊणकीचे पाढे म्हणायच्या. आमच्यातल्या बी. ए. झालेलीला मात्र बोटं मोजावी लागली, हेही इथेच कबूल करून टाकतो.

तर त्याच खाडीच्या काठाला कांदळवन. सगळं मिळून कांदळवन म्हणतात, पण आत झाडं वेगवेगळी. तिवर, कांदळ, चिप्पी, काजळा, मारांडी. कांदळाला माडाच्या झापासारखी खाली आलेली आधारमुळं असतात, तिवराची मुळं चिखलातून वर खिळ्यांसारखी निघतात आणि त्यांतून झाड श्वास घेतं. तिवराचा पाला गुरं आवडीने खातात. लाकूड चुलीत बरं जळतं. काकींनी सांगितलेली एक गोष्ट आम्हाला कुठल्याही प्रशिक्षणात कुणी सांगितली नव्हती. "तिवराची फांदी घेतली तर तो फुटतो. कांदळाची जुनी फांदी घेतली तर तो फुटत नाही, म्हणून कांदळाला हात लावायचा नाही." आम्ही नंतर माहिती काढली, तर झाडाचा शास्त्रीय स्वभाव तसाच निघाला. तिवराला तोडल्या जागी नवे धुमारे येतात, कांदळाला जवळजवळ येत नाहीत. म्हणजे तोडणारीला काय तोडायचं नाही हेसुद्धा माहीत होतं.

दुसरी गोष्ट बांधाची. खाडीकाठच्या गावांत खारजमिनी आहेत. समुद्राचं पाणी अडवायला मातीचा बांध घातलेला, त्याला उघाडी, आणि आत भातशेती. खाऱ्या जमिनीत टिकणारं राता भात आपल्या आज्या-पणज्या लावत आल्या, काळा राता, भुरा राता. बांध सरकारने बांधून दिले ते पुष्कळ पुढे. खारजमिनींचा पहिला कायदा १९४८ चा आणि खारभूमी विकासाचा १९७९ चा. त्याआधी बांध फुटला की गावाने मिळून टोपल्या उचलायच्या, ही रीत होती. आमच्याकडे म्हातारी माणसं सांगतात, बांधाच्या तोंडाचं तिवर कुणी तोडलं तर त्याला गावकीत जाब विचारत. कारण लाटेचा पहिला मार ते तिवर खातं, मग बांध. ही रीत कुठे लिहिलेली नाही. पण उधाणाच्या रात्री कंदील घेऊन बांधावर उभं राहिलेल्या माणसांना ती लिहून द्यावी लागत नव्हती.

समुद्राचंही तसंच. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवायच्या आणि नारळी पुनवेला नारळ वाहिल्याशिवाय समुद्रात जायचं नाही. त्या महिन्यांत मासळी अंडी घालते. आज सरकारने १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी घातली आहे, ती त्याच रितीची कागदावरची बहीण. खरं तर नारळी पुनव बहुतेक वेळा त्यानंतर येते, म्हणजे जुनी बंदी नवीपेक्षा लांब होती.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, म्हणजे पूर्वी सगळं सोन्यासारखं होतं. तसं नव्हतं, आणि आम्हाला तसं रंगवायचंही नाही. आता कासवांकडे येऊ.

आपल्या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत, साधारण नोव्हेंबर ते मार्च, रात्री समुद्री कासवाची मादी वाळूत येते. ऑलिव्ह रिडले हे तिचं नाव सगळीकडे पडलंय. भरतीच्या रेषेच्या वर ती मागच्या पायांनी दीडेक फूट खोल खड्डा करते, सुरईसारखा, तोंड अरुंद आणि पोट मोठं. त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते, अंगाने दाबून सपाट करते आणि परत जाते. पुन्हा मागे वळून बघत नाही. पिल्लांचं तोंड तिने कधी पाहिलेलं नसतं. आमच्यातली एक म्हणाली, "बाळंतपणाला माहेरी येते आणि बाळ माहेरीच टाकून जाते." आम्ही हसलो खरं, पण पुढे ही गोष्ट नीट समजून घेतल्यावर हसू आलं नाही. कारण माहेरच्यांनी त्या बाळांचं काय केलं?

माहेरच्यांनी ती खाल्ली. विकली. सकाळी वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखी नक्षी दिसली की माणसं काठी खुपसून जागा शोधायची आणि अंडी काढून न्यायची. एका घरट्यात शंभर अंडी म्हणजे गरिबाच्या घरी दोन दिवसांचं कालवण, आणि बाजारात नेली तर मीठ-मिरचीचे पैसे. माणसाच्या तावडीतून सुटलेली कोल्ह्याकुत्र्यांनी उकरली. गंमत बघा, आपल्या देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं. त्याला हात लावून, फूल वाहून आपण पुढे जातो. तीच माणसं पहाटे वाळूत काठी खुपसत होती. यात बायकाही होत्या. अंडी घरी आली की शिजवणारी कोण होती?

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पुढे समुद्री कासवं त्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या रांगेत गेली. पण कायदा दिल्लीहून निघाला तरी आमच्या वाळूपर्यंत पोचायला त्याला तीस वर्षं लागली. त्या तीस वर्षांत अंडी जातच राहिली. एवढंच नाही, मधल्या काळात समुद्रही बदलला. सुती जाळ्यांच्या जागी नायलॉन आलं, वल्ह्यांच्या जागी इंजिन, ट्रॉलर आले, बर्फाचे कारखाने आले, मासळी गावाच्या पलीकडे ट्रकने जाऊ लागली. पूर्वी जेवढं खाता येईल तेवढं धरत होते, आता जेवढं विकता येईल तेवढं. खाडीत अडकणारं कासवही त्या जाळ्यातच मरायचं. १९८७ साली मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालं, जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं. तिथल्या मच्छीमारांनी त्याला जोरात विरोध केला. आमचं मत विचाराल तर तो विरोध सगळाच चुकीचा नव्हता. घराच्या दारातला समुद्र नकाशावर रेघ मारून दुसऱ्याचा होतो, तेव्हा माणूस आधी पोटाचं विचारणारच.

मग वेळासला वेगळं काय घडलं?

वेळास हे मंडणगड तालुक्यातलं गाव, बाणकोटच्या किल्ल्याजवळ. नाना फडणविसांचं मूळ गाव म्हणून शाळेत आपण नाव ऐकलेलं असतं. चिपळूणला सह्याद्री निसर्ग मित्र नावाची संस्था आहे, १९९२ साली सुरू झालेली. आपल्या बचत गटांना बँकेशी जोडायची योजना नाबार्डने काढली तेही १९९२ सालच, हा योगायोग आम्हाला आवडतो. या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी २००२ साली समुद्री गरुडांची घरटी मोजत किनाऱ्याने फिरत होते. डोळे वर, झाडांच्या शेंड्यांकडे. वेळासला त्यांना खाली वाळूत अंड्यांची टरफलं दिसली. विचारपूस केली तेव्हा कळलं की इथे कासवं येतात आणि अंडी लोक नेतात.

इथे त्यांना दोन वाटा होत्या. एक, तक्रार करायची, चारदोन जणांना पकडून द्यायचं. दुसरी त्यांनी घेतली. गावात बसले, ग्रामपंचायतीशी बोलले आणि ज्यांना कासवाचं घरटं कुठे असतं ते नेमकं माहीत होतं, त्यांनाच राखायला घेतलं. काठी खुपसून अंडी शोधणारा हातच आता अंडी वाचवायला लागला. किनाऱ्यावर जाळीचं कुंपण घालून उबवणी केंद्र केलं. पहाटे घरटं शोधायचं, अंडी अलगद काढायची, ज्या खोलीचा खड्डा कासवाने केला तसाच खड्डा कुंपणात करायचा आणि अंडी त्यात ठेवायची. अंडं उलटंपालटं करायचं नाही, नाहीतर आतला जीव मरतो. त्या पहिल्या हंगामात ५० घरटी राखली गेली आणि अडीच हजारांहून जास्त पिल्लं समुद्रात गेली.

अंडी उबायला ४५ ते ६० दिवस लागतात. कासवीण उबवत नाही, वाळू उबवते. आणि त्यातला एक चमत्कार आम्हाला ठाऊक नव्हता. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू जास्त तापली की माद्या जास्त, थंड राहिली की नर. हे ऐकल्यावर आमच्या बैठकीत बराच वेळ दुसरं काही बोलणंच झालं नाही. "म्हणजे तिकडे मुलगी झाली म्हणून कासविणीला बोल लावत नसतील," असं एकीने म्हटलं आणि ज्या दोघी हसल्या नाहीत, त्या का हसल्या नाहीत ते आम्हाला माहीत होतं.

दिवस भरत आले की घरट्यावर टोपली उपडी घालतात. सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलून बघतात. पिल्लं वर आलेली असली की त्यांना पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडतात आणि ती आपापली चालत जातात. उचलून पाण्यात टाकायची नाहीत. ती उजेडाकडे जातात, समुद्रावरचा उजेड त्यांची वाट. म्हणून तिथे विजेरी, मोबाइलचा दिवा लावू देत नाहीत. हजारांतलं एखादंच मोठं होऊन अंडी घालायच्या वयाला पोचतं, असं म्हणतात.

२००६ पासून वेळासला कासव महोत्सव सुरू झाला. पुण्या-मुंबईची माणसं पिल्लं बघायला येऊ लागली. गावात हॉटेल नाही, मग लोकांनी घराचे दरवाजे उघडले. वेळासची गोष्ट सांगताना सगळे या ठिकाणी "गावाला रोजगार मिळाला" म्हणून पुढे जातात. आम्ही जरा थांबतो. दरवाजा उघडला म्हणजे काय झालं? पहाटे चारला उठून वीस माणसांच्या आंघोळीचं पाणी तापवणं, घावणे, मोदक, सोलकढी, दोन वेळचं जेवण, अंथरुणं, संडास धुणं, पुन्हा पाणी. आम्ही ज्या घरी राहिलो तिथल्या वहिनी म्हणाल्या, "कासवाचा हंगाम म्हणजे माझी झोप गेली. पण पहिल्यांदा माझ्या हातात माझे पैसे आले." दोन्ही वाक्यं खरी आहेत, एक सांगून दुसरं गाळू नये. कासवं वाचली ती किनाऱ्यावर जागणाऱ्या कासवमित्रांमुळे, पण राखण टिकून राहिली ती चुलीपाशी जागणाऱ्या बायकांमुळे. फोटोत पहिले दिसतात.

पुढे हे काम वनखात्याने आणि गावांनी मिळून पुढे नेलं. हरिहरेश्वर, दिवेआगर, आंजर्ले, गुहागर, खाली वेंगुर्ल्याजवळ वायंगणी, अशी कितीतरी गावं त्यात आली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने याच पट्ट्यात घरांवरची कौलं-पत्रे उडवले, नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या. लोकांची पन्नास वर्षांची झाडं एका दुपारात गेली. तरी पुढच्या थंडीत कासवं आली आणि राखणारेही आले.

मग २५ जानेवारी २०२२ ला वेळासला एका मादीच्या पाठीवर छोटं यंत्र बसवून सोडलं. तिचं नाव ठेवलं प्रथमा. आंजर्ल्याची सावनी, गुहागरच्या वनश्री, रेवा आणि लक्ष्मी. भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याचं कांदळवन प्रतिष्ठान यांचं हे काम. उपग्रहावरून त्या कुठे जातात ते कळू लागलं. आणि २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका कासविणीच्या पायावर जुना बिल्ला सापडला. तो बिल्ला लावला होता २०२१ साली, ओडिशाच्या किनाऱ्यावर! अख्ख्या हिंदुस्थानाला वळसा घालून ती आपल्याकडे आली होती. तोपर्यंत जाणकार मानत होते की पूर्वेची कासवं पूर्वेला आणि पश्चिमेची पश्चिमेला. तिने ते चुकीचं ठरवलं. काकींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "दोन माहेरं असतील तिला. नशीबवान."

आता पुन्हा तिवराकडे. कासवांच्या बाबतीत लोकांना आधी सोबत घेतलं, मग राखण झाली. कांदळवनाचं उलटं झालं. १९९१ साली किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडायला बंदी घातली आणि भोवतीच्या ५० मीटरमध्ये बांधकामही थांबवलं. हा आदेश गरजेचा होता, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. मुंबईत डेब्रिजचे ट्रक ओतून खाड्या बुजवत होते, त्यावर इमारती उठत होत्या. त्यावर मुंबईतली एक पर्यावरण संस्था कोर्टात गेली होती. २०१२ साली राज्याने कांदळवनासाठी वेगळा कक्ष केला. २०२० साली पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला. २०२१ च्या वन अहवालात महाराष्ट्रातलं कांदळवन ३२४ चौरस किलोमीटर भरलं. हे सगळं चांगलंच झालं.

पण बंदी ट्रकला आणि मोळीला सारखीच लागली. ट्रक रात्री येतो, मोळीवाली दिवसा पायी चालत येते. मग पकडली कोण जाणार? आणि २०१६ साली उज्ज्वला गॅस आला, शेगडी घरात आली, तरी भरलेला सिलिंडर दर महिन्याला परवडायला हवा ना. आम्ही आमच्या गटात हात वर करायला सांगितले. चौदा जणींपैकी नऊ जणींच्या घरी गॅस होता आणि चूलही पेटत होती. हा हिशेब काकींच्या प्रश्नाआधी आम्ही कधी केलाच नव्हता. समन्वयक म्हणून ही आमची चूक. बचतीचा पै-पैसा लिहिला, पण घरात जळतं काय ते विचारलं नाही.

वेंगुर्ल्याला मात्र आम्हाला वाट दिसली. तिथे मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बाया २०१७ पासून कांदळवनाची सफर चालवतात. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा सागरी प्रकल्प चालू होता, त्याची त्यांना मदत झाली. मासेमारी घरातल्याच या बाया. होडी वल्हवायची त्यांनीच, पाहुण्यांना जाकीट घालायचं त्यांनीच, आणि कुठलं झाड कांदळ, कुठलं चिप्पी, त्यात कुठला पक्षी बसतो तेही त्यांनीच सांगायचं. आम्ही होडीत बसलो तेव्हा वल्हं मारणारी बाई आमच्याच वयाची होती. पहिल्यांदा बोलायला उभी राहिले तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता म्हणाली. लोक हसायचे, बायका कसली होडी चालवणार म्हणून. आता पावसाळा सोडून वर्षभर काम असतं.

आल्यावर आम्ही चौकशी केली. २०१७ साली राज्याने कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना काढली. गावात कांदळवन सहव्यवस्थापन समिती करायची, तिच्यामार्फत गटांना खेकडापालन, कालवंपालन, निसर्ग पर्यटन असे उद्योग मिळतात. गटाच्या प्रकल्पाला ९० टक्के शासनाचे आणि १० टक्के गटाचे. खाडीकाठच्या गटांनी हे आपल्या ग्रामपंचायतीत जरूर विचारा. आणखी एक, घरात मासेमारी असेल त्यांच्यासाठी. जाळ्यात कासव किंवा दुसरा संरक्षित जीव अडकला आणि जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्याची भरपाई २५,००० रुपयांपर्यंत मिळते. २०१८ पासून ही योजना आहे. फोटो काढून ठेवावा लागतो, तेवढं लक्षात ठेवा.

आमच्या गटात मात्र लगेच सगळं गोड झालं नाही. समितीला नाव द्यायचं म्हटल्यावर चौघी उठून गेल्या. मोळी काढून घेणाऱ्यांच्याच पंगतीला बसायचं काय, असं त्यांचं म्हणणं. त्यांना आम्ही चूक म्हणत नाही. त्यातल्या दोघी परत आल्या, दोघी अजून आलेल्या नाहीत. गटाच्या अंतर्गत कर्जात आम्ही सिलिंडरसाठी वेगळं छोटं कर्ज सुरू केलं, एका महिन्याचं, बिनव्याजी. आंबा-काजूची छाटणी, माडाची झापं, नारळाची चोडं आधी वापरायची असं ठरवलं. तिवराची मोळी आता कमी येते. अजिबात येत नाही असं सांगितलं तर खोटं होईल.

आणि काकींच्या प्रश्नाचं काय? गटाच्या वहीत आम्ही एक ठराव लिहिला. आमच्या आज्या आणि सासवा चोर नव्हत्या, त्यांनी तोडलं आणि राखलंही, तेव्हाच्या रितीने. आता तोडणारे जास्त आणि खाडी कमी झाली आहे, म्हणून आम्ही नवीन रीत करतो. वाचून दाखवलं तेव्हा काकी म्हणाल्या, "अंडी खाल्लीत तेही लिवा." ते लिहिलं.

मागच्या महिन्यात समितीच्या कामासाठी तालुक्याहून साहेब खाडीची पाहणी करायला येणार होते. फोनवर त्यांनी सांगितलं, दुपारी चारला येतो. काकींनी विचारलं, त्या दिवशी तिथी कोणती? पंचमी. काकींनी बोटं मोडली. पाच पाऊण पावणेचार. "त्यांना सांग, चारला आलात तर नुसतं पाणी बघाल. सकाळी दहाला या."

साहेब दहाला आले. पाणी उतरलेलं होतं, तिवराची मुळं उघडी पडली होती. काकी बांधावर पुढे चालत होत्या आणि साहेब बूट हातात घेऊन त्यांच्या मागून येत होते.